दंडावरची खूण

माझं काम साधं. काल जे होतं ते आज असलं पाहिजे.
पेला अर्धा, तर अर्धाच.
सेनापतीच्या कपाळावरची बट डावीकडे, तर डावीकडेच,
मग मधे अकरा दिवस गेलेले असोत,
सेनापतीचं लग्न मोडलेलं असो.

वार्झाझातच्या बाहेर
कुडावर प्लास्टर थापून उभं केलेलं हे रोम.
गेल्या साली हेच इजिप्त होतं.
खांब तेच, वरची डोकी तेवढी बदलली.

पहाटेपासून तीनशे शिपाई रांगेत.
मी वही घेऊन फिरते
आणि त्यांच्या अंगावर अडकलेला आमचा काळ वेचून काढते:
चष्मा. सोन्याचा दात. चपलेखाली टायरचं रबर.
घड्याळं सगळेच काढून ठेवतात,
पण मनगटावर पट्ट्याएवढी फिकट कातडी उरते,
तिला मातीचा रंग फासावा लागतो.
समोरच्या टेकडीवर निवडुंग माजलाय.
रोम बुडाल्यावर हजार वर्षांनी तो समुद्रापलीकडून आला.
मी सांगून पाहिलं.
दिग्दर्शक म्हणाले, तौदा, निवडुंगाला कोण विचारतंय?

आकाशात विमानाची रेघ उमटली
की युद्ध थांबतं.
दोन्ही सैन्यं एकाच भिंतीच्या सावलीत
पुदिन्याचा चहा पीत बसतात, रेघ विरेपर्यंत.

अशाच एका रेघेखाली अद्दी दिसला.
चौथी रांग. साठी उलटलेली, पाठमोरा तिशीचा.
दंडावर देवी टोचल्याची खूण,
नाण्याएवढी, काठाला चुरगळलेली.
मी रंगवालीला हाक मारली.
ती लेप चोपडत होती, तेव्हा तो म्हणाला,
'नर्स गाढवावरून आली होती.
मी पळालो, पण सापडलो.
थोरला बासू शेळ्या घेऊन वर गेलेला, तो सापडला नाही.
पुढच्या उन्हाळ्यात देवीला मात्र सापडला.'
मग दंड माझ्याकडे वळवून,
'दिसते का अजून?'
'नाही,' मी म्हटलं.

त्या दिवशी अद्दी नऊ वेळा मेला.
कट ऐकलं की उठायचा, ढुंगणावरची धूळ झटकायचा,
पोटातला भाला काखेत मारून
पुन्हा आपल्या खडूच्या खुणेवर जाऊन उभा.
नवव्यांदा ऊन उतरलेलं होतं, घाम आलेला,
लेप ओघळला.
कॅमेरा अगदी जवळ.
रोमसाठी मरणाऱ्याच्या दंडावर
ती खूण, ओली, लख्ख.
दिग्दर्शक म्हणाले, हेच. हेच हवं होतं.
आणि माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं.
वहीत रकाना असतो: सलगता.
मी लिहिलं, ठीक.

कुठेतरी कोणीतरी चित्र थांबवेल, बोट ठेवेल,
शेजारच्याला हलवून उठवेल:
बघ, रोमच्या शिपायाने लस घेतलीय!
खरंच आहे त्याचं. ती तिथे असायला नको होती.
बासूला विचारा.

दुसऱ्या दिवशी अद्दी समोरच्या सैन्यात होता,
डिंकाने चिकटवलेली तांबडी दाढी, अंगावर कातडं,
काल स्वतःला मारलं त्याच जागी उभा.
ही तर ढळढळीत चूक.
पण आसपासच्या गावांत तीनशेच माणसं मिळतात.
मी वही मिटली
आणि त्याला ओळख दाखवली नाही.
त्याने चहाचा पेला तेवढा उंचावला.
अर्धा होता.