सोफा घासणारा

बरबँकच्या नऊ नंबरच्या स्टेजवर
बारा वर्षं मी एक सोफा जुना करत आलो.

पहिला तर जुनाच होता.
पॅसाडीनाच्या रविवारच्या बाजारात चाळीस डॉलरला घेतलेला,
उजव्या हातावर कुणाच्यातरी मांजराची नखं,
आणि मधली स्प्रिंग टोचायची.
निर्मात्याकडे पैसेच नव्हते.
गॉर्डन त्यावर अंग चोरून बसायचा
आणि लोकांना वाटायचं, हा टोलिडोचा बाप
काचेच्या कारखान्यातून आत्ताच आलाय, पाठ धरलीय त्याची.

दुसऱ्या की तिसऱ्या भागात
टेबलावर विजेचं बिल होतं. मीच छापलेलं.
एकशे बारा डॉलर, सहा सेंट.
बायको ते मीठदाणीखाली सरकवते.
नवरा मीठ मागतो.
ती म्हणते, आज अळणीच खा.

कुणी हसलं नाही.
मग बाकांवर मागे कुठेतरी एक बाई
एकटीच, नाकातून हसली,
आणि मग सगळे.
तसलं हसू मी त्या स्टेजवर पुन्हा ऐकलं नाही.

मिरियम लिहायची ते.
चौथ्या वर्षी, जेवणाच्या सुट्टीत, अर्धं सँडविच तसंच ठेवून म्हणाली,
वार्तान, माझा बाप संपला.
जेवढा आठवत होता तेवढा लिहून झाला.
आता मी या मालिकेतल्या बापावरून
या मालिकेतला बाप लिहिते.
वसंतात ती गेली. तिच्या जागी सहा जण आले,
हुशार होते सगळे,
लहानपणापासून आमचीच मालिका बघत आलेले.

किल्ली पहिल्या वर्षी खरंच अडकायची, दार फुगलेलं म्हणून.
गॉर्डन शिवी गिळून खांद्यानं धक्का द्यायचा.
पुढे दार उघडलं की टाळ्या.
अकरा सेकंद. मी मोजलेत.
स्वतःच्या घरात शिरायला
टाळ्या थांबायची वाट बघणारा बाप.

बिल कुणाला आठवेना.
कुटुंब हवाईला जाऊन आलं.
कारखान्यात तो शेवटचा कधी गेला,
हे विचारणारं घरात कुणी उरलं नाही.

टेसाची उंची मी चौकटीवर पेन्सिलीनं मांडायचो.
आठ वर्षांची होती तेव्हापासून.
सहाव्या वर्षी वरून निरोप आला,
वरच्या दोन रेघा पुसून टाक.
तिला अजून वेण्या घालत होते.
मग एक भाचा आणला, गालावर खळी पडणारा,
तोही मेला वाढायला लागला.

आणि सोफा.
तिसरा सोफा खास विणून घेतलेल्या कापडाचा,
रंग तोच, गेलेला तपकिरी.
दर ऑगस्टला मी पॉलिश-पेपरनं त्याचे कोपरे घासायचो,
काट्याचमच्यातल्या काट्यानं मांजर ओरखडायचो.
सगळं हुबेहूब.
फक्त स्प्रिंग टोचत नव्हती,
ते गॉर्डनच्या करारात बसत नव्हतं.

शिळ्या कढीला ऊत, असं तुम्ही म्हणाल.
म्हणा.
पण त्या कढीवर दीडशे घरं जेवत होती,
आणि माझ्या मुलीच्या दंतवैद्यकीची फी
मी त्याच काट्यानं भरली.
वाईट कुणीच नव्हतं तिथे.
कुणी थांबा म्हणालं नाही, एवढंच.

सेट मोडला त्या दिवशी
मीठदाणी निघेना.
कधीतरी पाचव्या वर्षी चिकटवली होती, सरकू नये म्हणून.
मी पटाशी घातली.
खाली बिल असेल असं उगाच वाटलं.
नव्हतं.
लाकडाचा मूळ रंग होता, नाण्याएवढा.

ग्लेनडेलला पोचलो तेव्हा अंधार पडला होता.
किल्ली फिरवली, दार उघडलं,
आणि उंबऱ्यात
का कोण जाणे, थांबलो.

आतून हास्मिक ओरडली,
दार लाव, मांजर जाईल.