मोहोळ उठलं की

कोबारिदच्या मधपाळ मंडळाची
आज तिसरी बैठक.
येर्नेयने भिंतीवर तीन प्रणाली मांडल्यात:
एक फुकट, पण दर आठवड्याला ठिगळ मागणारी;
एक देखणी,
भाडं ऐकून खजिनदाराच्या कपाळाला आठी;
तिसरी त्याच्या मेव्हण्याने लिहिलेली,
फक्त मेव्हण्यालाच कळणारी.

लुद्विका चष्मा पुसते.
चौकातल्या काचफलकाची किल्ली
एकोणीस वर्षं तिच्या गळ्यात.
मे महिन्यात मोहोळ उठलं की
धावत जाऊन चिठ्ठी टाचायची:
‘चर्चमागचं लिंडेन. शिडी आणा.’

“माझ्याकडे दोन मिनिटं असतात,” ती म्हणते,
“आणि बोटं चिकट.
सांग, कुठे लिहू?”

येर्नेय पहिलीत शिरतो.
मेनू. मेनूच्या पोटात मेनू.
‘आपली खात्री आहे ना?’
मोहोळ एव्हाना नदीपार.

दुसरीत ती स्वतः,
एका बोटाने: शिडी आणा.
खोलीतले सात फोन
एकदम गुणगुणतात.

खजिनदार पुन्हा भाड्यावर येतो.
मेव्हण्याचाही विषय निघतो.
लुद्विका गळ्यातली किल्ली काढून
टेबलावर ठेवते, गरम अजून.
“पासवर्ड एवढाच द्या,
अंधारात हाताला कळेल असा.”