आठशे पानांच्या वर

व्होरूच्या ग्रंथालयात, एस्टोनियाच्या या थंड कोपऱ्यात,
तानेलने मागल्या वर्षी ते बसवलं:
वाचकाची आवड ओळखणारं सॉफ्टवेअर.
काय नेलंत, किती दिवस ठेवलंत,
सगळं मनाशी मांडून
ते पुढचं पुस्तक सुचवतं.

हेल्वेबाई काय नेत होत्या?
समुद्री विम्याचे कायदे, खंड दुसरा.
रेल्वेपुलांची गणितं.
दूध सोसायट्यांचे अहवाल, एकत्र बांधलेले.
परत यायचे बरोब्बर एकविसाव्या दिवशी.

"केवढी व्यासंगी बाई!" तानेल म्हणाला.
मी गप्प.
परतीच्या टेबलावर मी बसते.
पान चारशे बारावरची
नेच्याची तपकिरी सावली मीच पुसते,
पुलाच्या कमानीखाली चिकटलेलं शेवाळ
नखाने मीच काढते.
दलदलीतून रोपं आणायची, जाड पुस्तकात दाबायची,
एवढंच त्यांचं वाचन.
"घरची पुस्तकं हलकी पडतात," एकदा म्हणाल्या,
"सगळ्या कविताच."

फेब्रुवारीत दलदल बर्फाखाली गेली.
दाबायला काही नव्हतं, तरी आल्या.
पडद्यावर त्यांचं नाव, खाली:
तुमच्यासाठी निवडलेलं,
दीपगृहाच्या तेलाच्या नोंदी, पानं नऊशे चौसष्ट.
"एवढ्या विश्वासाने सांगतंय बिचारं," त्या म्हणाल्या,
आणि पिशवी उघडली.

पुस्तक आलं सव्विसाव्या दिवशी.
पहिल्यांदाच उशीर.
दिव्याखाली धरून पानं चाळली,
डाग नाही, पराग नाही.
सहाशे अकराव्या पानात बसचं तिकीट.

"दर मंगळवारी," हेल्वेबाई हळूच म्हणाल्या,
"अर्धा मापटा तेल कमी भरतं.
अकरा वर्षं.
कोणाकडे जात असेल तो?
लिहीत नाही मेला."
दंडाची नाणी मोजता मोजता त्यांनी विचारलं,
"याचा पुढचा खंड आहे का?"

तानेलचा नियम असा:
उशिरा परत, म्हणजे आवडलं नाही.
पडद्याने तेवढ्यात चूक सुधारली,
एक कवितासंग्रह पुढे केला,
शहाण्णव पानं.

त्यांनी नाक मुरडलं.
मी तळघरात गेले,
शिडी लावली, शिंकले दोनदा,
आणि दुसरा खंड वर आणला.
हेल्वेबाईंनी तो तळहातावर तोलला,
जुन्या सवयीने,
मग तिथेच, कोट न काढता,
उघडला.