कोरडी भिंत

टेपचं एक टोक वृंदाकडे, दुसरं माझ्याकडे.
नऊ फूट दोन इंच.
उल्हास मेस्त कानावरची पेन्सिल काढून
आकडा तळहातावरच लिहितो
आणि भिंतीवर दोन टिचक्या मारून म्हणतो,
चिऱ्याची आहे, जाड आहे, काय हवं ते टांगा.
रायबंदरात इतकी कोरडी भिंत
वीस वर्षांत पाहिली नाही मी.

कोरडी असणारच.
पलीकडे मिनिन पदेराची भट्टी आहे.

बाकीच्या तीन भिंती
जून ते ऑक्टोबर आजारी असतात.
नदीकडच्या भिंतीला बोट लावा, बोट ओलं.
गेल्या पावसात उर्वीच्या पुस्तकांवर
अशी बुरशी चढली
की गणितातले सातही हत्ती पांढरे झाले,
आणि तिने ते तसेच मोजले.

म्हणून हे सगळं.
वृंदाने पणजीहून कॅटलॉग आणलाय,
त्यातल्या खोल्यांत कुणी राहत नाही.
चौकोनी कप्पे, गोल कप्पे,
ढगाच्या आकाराची एक फळी,
तिच्यावर एकच पुस्तक, तेही तिरपं.
मेस्त प्लायवूडचं नाव ऐकून
खिडकीबाहेर बघतो.
फणसाचं करू, म्हणतो. नातवंडांना पुरेल.
मी मनात पगाराला भागतो.

उर्वी आतापर्यंत पलंगाखाली होती,
कप्प्यांत काय ठेवायचं ते गोळा करत.
शिंपल्या, फेरीबोटीची जुनी शिट्टी,
न पेटणारा टॉर्च,
एक डबा, ज्यात काय आहे विचारायचं नाही.
ती बाहेर येते, पेन्सिलीची रेघ बघते
आणि भिंतीला पाठ लावून उभी राहते.
हांगा नाका.

का ग? वृंदा विचारते.
नाका.

मेस्त ड्रिल खाली ठेवतो.
त्याला तीन मुली आहेत.

मग हळूहळू कळतं.
पहाटे तीनला मिनिन लाकडं घालतो,
चारला भिंत कोमट होते,
साडेचारला पाठ टेकवण्याजोगी.
तेव्हा वृंदाची हॉस्पिटलात रात्रपाळी
आणि मी पहिल्या बोटीसाठी
दिवाबत्ती न करता, चपला हातात घेऊन
हिच्या दारावरून जातो,
आवाज होत नाही या समजुतीत.

किती दिवस?
ती बोटं मोजायला घेते आणि सोडून देते.

तिघं मोठी माणसं आम्ही,
हातात टेप, पेन्सिल, कॅटलॉग,
आणि कुणाला मान वर करवेना.

शेवटी मेस्तच बोलला.
फळ्या नदीकडे मारू. भिंतीपासून दोन बोटं पुढे,
मागून वारा खेळू दे.
पुस्तकं दर रविवारी उन्हात काढा,
कापूर ठेवा, एवढं तुमच्याकडून झालं पाहिजे.
जास्त पैसे होतील का? मी विचारलं.
दोन बोटांचे काय पैसे घेऊ, तो म्हणाला,
आणि त्याने घेतले, ब्रॅकेटचे, बरोबर साडेसहाशे.

ड्रिल सुरू झालं. ओल्या भिंतीतून
तांबडा गाळ आला, कुंकू भिजल्यासारखा.

आता फळ्या आहेत. थोड्या डावीकडे कलतात.
शिट्टी घरंगळते, उर्वी पुन्हा उचलून ठेवते.
डबा सगळ्यांत खाली, तिच्या हाताशी.

मिनिनचा मुलगा लिस्बनला असतो.
मिनिन म्हणतो, गुडघे गेले, पोरगा काही परत येत नाही,
पुढच्या वर्षीचं सायबालाच माहीत.
हे मी घरी सांगितलेलं नाही.

मेस्ताची पेन्सिलीची रेघ
कोरड्या भिंतीवर अजून आहे, नऊ फूट दोन इंच,
पुसायची राहिली.
काल पहिली बोट दुसऱ्याकडे देऊन
मी तासभर उशिरा निघालो.
तिच्या शेजारी जागा अरुंद होती.
सरक, म्हणालो.
ती झोपेतच सरकली.