दोन गजांमधली जागा

मार्च होता. खाडीतला बर्फ अजून किनारा सोडत नव्हता.
हेडलीने पाळणा आणला घसरगाडीवर बांधून,
वर ताडपत्री, ताडपत्रीवर बर्फाची भुकटी.
एकाहत्तर सालचा. स्वतःच्या हातचा.
होडी बांधून उरलेल्या फळ्यांचा.

दारातून आत येईना,
तर क्लॅरने दाराच्या बिजागऱ्या काढल्या.
पाळण्याचा एक खिळासुद्धा हलवायची
कुणाची छाती नव्हती.
"माझी पाच वाढली यात," हेडली म्हणाला,
आणि माझ्या पोटाकडे न बघता
पोटाकडे बघून हसला.
क्लॅर धरून भावंडं चार.
मी तेव्हा मोजायला गेले नाही.
एफी किटलीकडे तोंड करून उभी होती.

रंगाचे थर खूप. कोपरा उडालाय तिथे दिसतात:
पांढरा, त्याखाली पिवळा, सगळ्यात खाली होडीचा हिरवा.
वरच्या कठड्यावर दातांच्या खुणा,
क्लॅर म्हणतो माझ्या, त्याचा भाऊ म्हणतो माझ्या.

दवाखान्यातली फिलोमिना मात्र कागदावर आकडे लिहून देते.
दोन गजांमध्ये सहा सेंटिमीटर, जास्त नाही.
गादी टणक. कडेला दोन बोटं मावली तर ती गादी नको.
उशी नको, गोधडी नको, कापडी ससा नको,
(माझ्या आईने विणलेला ससा, कान लांब, तोही नको)
आणि पट्टी नसेल घरात तर
सोड्याचा डबा घे, म्हणाली,
गजांमधून गेला तर पाळणा बाद.

सातवा महिना, झोप कुठली.
रात्री दोनला उठून मी अननसाच्या क्रशचा डबा घेतला.
पहिल्या फटीतून गेला. कशालाही न लागता.
दुसरीतून गेला.
तिसरीत मी मुद्दाम तिरका धरला, अडकावा म्हणून,
तरी गेला.
डबा आतच ठेवून मी येऊन पडले,
छताकडे बघत, चोरी केल्यासारखी.

सकाळी हेडली आला तेव्हा डबा तिथेच होता,
पाळण्याच्या मधोमध, उभा.
त्याने विचारलं नाही काही.
साठ वर्षं जाळी विणलेला माणूस;
केवढ्या डोळ्यातून कोण सुटतं, कोण अडकतं,
हे त्याच्या बोटांना आपलं आपण कळतं.
त्याने डबा उचलला, गजांमधून बाहेर काढला,
परत आत नेला. परत बाहेर. फार हळू.
मग म्हणाला, "व्हर्ना."
मी हे नाव या घरात कधी ऐकलं नव्हतं.
"आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला,
डब्याला म्हणाला बहुतेक.
एफीने किटली बंद केली.
पाणी उकळलं नव्हतं अजून.

त्याच दुपारी पाळणा परत गेला.
दाराच्या बिजागऱ्या पुन्हा काढाव्या लागल्या.

एप्रिलमध्ये आम्ही सेंट जॉन्सला गेलो, जायला सहा तास.
दुकानात अकरा पाळणे. एकाची बाजू खालीवर सरकायची, तो नाही.
एकाला डोक्याशी कोरीव मोर, त्यात बोट अडकेल, तो नाही.
शेवटी साधा, पांढरा, चपट्या खोक्यात बसणारा,
ज्याच्याविषयी सांगण्यासारखं काहीच नाही.

जोडला हेडलीनेच. सूचनांचा कागद उलटा धरून.
एक स्क्रू उरला, तेव्हा सगळा उकलून
पुन्हा पहिल्यापासून जोडला.
मग खिशातून तोच डबा काढला.
एकेक फट. बावीस फटी.
टक. टक. टक.
कुठेच जाईना आत.
शेवटच्या फटीला त्याने जरा जोर लावून पाहिला,
गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून.

मग तिथेच उभं राहून डबा फोडला
आणि कोमट क्रश प्याला सगळा,
तोंड वाकडं करत,
एफी म्हणत होती ग्लास देते, ग्लास देते.