आवाज दोनदा येतोय

माइक बंद कर, असं मी तिला सांगणार होते,
तेवढ्यात पुन्हा आलं,
भंगारवाऽऽले, जुना टीव्ही, जुना फ्रिज, बॅटरीऽऽ
एकदा माझ्या खिडकीतून,
आणि अर्ध्या सेकंदाने हेडफोनमधून,
जरा पातळ, पाणी घातल्यासारखं.

तोवर सात शनिवार झाले होते.
तिगिस्त, अदिस अबाबाची, डेटाचं काम करणारी.
कंपनीशी करार मार्चअखेर संपणार
आणि व्हिसा त्याच्याच शेपटीला बांधलेला.
मी वृंदा मढवी, महापेला एकोणीस वर्षं एचआर.
माणसं काढायची पत्रं मी फार सभ्य लिहायचे.
आता त्याच सभ्य भाषेत
पुन्हा आत कसं शिरायचं ते शिकवते,
तासाला बाराशे रुपये.

पहिल्या दिवशी म्हटलं, स्वतःविषयी सांग.
तिने आईपासून सुरुवात केली.
थांबवलं मी. आई नको, गाव नको,
शेवटच्या नोकरीपासून उलटी चालत ये.
आकडे सांग. कंपनीचे किती तास वाचवलेस ते सांग.
शेवटी हस, पण बेताने.
तिने हे सगळं वहीत उतरवलं,
'बेताने'खाली रेघ मारली.

नावाचा अर्थ विचारला तर म्हणाली, धीर.
छान आहे, म्हटलं,
पण कागदावर टीना लिही, फोन जास्त येतात.
आले. दोन आले.
दुसऱ्यात कॅमेरा सुरू झाला, त्यांनी टीनाला पाहिलं,
आणि नेटवर्क खराब आहे म्हणाले.
नेटवर्क चांगलं होतं.

पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता,
याचं उत्तर तर आम्ही घोकलं होतं.
ऐरोलीच्या खाडीत रोहित उतरतात हजारोंनी,
त्यांना कुणी हे विचारत नाही,
उलट लोक पैसे देऊन होडीतून बघायला जातात.
हे मी तिला सांगितलं नाही.
तासाच्या हिशेबात बसत नव्हतं.

भंगाराची गाडी वळणावर आली.
दोन्ही आवाज एकदमच मोठे झाले.
तू राहतेस कुठे, मी विचारलं.
सात शनिवारांत पहिल्यांदा.
फॉर्मवर तिने नवी मुंबई लिहिलं होतं
आणि मला तेवढं पुरलं होतं.
सेक्टर आठ, ती म्हणाली. खाली पिठाची गिरणी.
वर निळी ताडपत्री?
हो, निळी.

त्या गिरणीवाल्यानेच मला सांगितलं होतं,
वरची परदेशी बाई दर आठवड्याला
तीन किलो नाचणी दळून नेते, काय करते देव जाणे.
पेज करत असेल, म्हणाले होते मी,
आणि माझे तांदूळ घेऊन घरी आले होते.
ती तीन दिवस आंबवते म्हणे,
मग तव्यावर एकाच बाजूने भाजते,
जाळी पडते,
आपल्या आंबोळीला पडते तश्शी.
घरासारखं जमत नाही, म्हणाली,
तिथलं धान्य वेगळं.

खिडकीशी जा, मी म्हटलं.
पडद्यावर रिकामी खुर्ची उरली,
खुर्चीच्या पाठीवर घातलेला इस्त्रीचा कोट,
मुलाखतीपुरता, कमरेपर्यंत दिसणारा.
आणि रस्त्यापलीकडे, ताडपत्रीच्या वर,
वाळत घातलेल्या चादरीमागून
एक हात.

मीही हात केला. हातात होतं तेच हलवलं,
तिचा बायोडेटा, लाल शाईने तपासलेला,
पहिलीच ओळ खोडलेली.

खाली गाडी थांबली.
भंगारवाल्याने वर पाहिलं, कर्णा बंद केला.
रद्दी आहे का, ताई?
आहे, म्हटलं. पण थांब जरा,
आधी तिच्या आईचं नाव विचारायचंय.