सहा ते वीस

भिंतीवर एक तक्ता आहे, सहापासून वीसपर्यंत.
सहा म्हणजे काहीच नाही, नुसतं टेकलेलं.
वीस म्हणजे यापुढे पाऊल नाही.
एक ते पाच कुठे गेले, मी पहिल्याच दिवशी विचारलं.
"ते मलाही कोणी सांगितलं नाही, मावशी,"
म्हणाली नसीमा, यावलकडची तडवी पोर,
आणि तिनं पायाखालचा पट्टा सुरू केला.

जळगावात, तळमजल्यावर, तीन पट्टे, दोन सायकली.
पंखा फालक सरांपाशी येतो आणि तिथेच अडकतो.
मी भालोदहून पहिल्या एस्टीनं येते.
पातळाखाली सुनेनं घेतलेले बूट,
चालताना वाटतं पाय कुणाचे उसने आणलेत.
रस्ता मागे जातो, मी तिथल्या तिथे,
समोर सहा महिन्यांपूर्वीचं कॅलेंडर.

दर तीन मिनिटांनी ती विचारते,
"किती? आकडा सांगा."
मी म्हणते, सहा.
कानशिलं ठणकतात, पदर ओला, तरी सहा.
"मावशी, सहाला माणूस बसलेला असतो."

काय करू बाई, तोंडाला वळण पडलंय.
चाळीस वर्षं खापरासमोर काढली.
कणकेचा उंडा मुठींवर घ्यायचा, मनगटांवर फिरवायचा,
कोपरापर्यंत येऊ द्यायचा पातळ होत होत,
पुरण फुटू न देता.
लग्न असो, आखाजी असो, कुणाचा जावई असो,
द्वारकाबाईला बोलवा.
मांडा केवढा झाला ते सगळ्यांनी हात पसरून सांगितलं.
हात केवढे दमले ते सांगायला
आमच्याकडे मापच नव्हतं.

सावद्याच्या लग्नात बासष्टाव्या मांड्याला
जबडा दुखला.
मग पाठ, दोन फऱ्यांच्या मधोमध.
कुणी म्हणालं वारा धरला, कुणी ओवा दिला,
कुणाच्या नातवानं सोड्याची बाटली आणली.
मी कणीक संपवली.
शेवटचा मांडा दुमडून टोपलीत ठेवला,
हात धुतले,
मग पडले.

डॉक्टर म्हणाले, बासष्टलाच बसायचं होतं.
त्यांना काय सांगू,
बासष्टला बसलेली बाई
आमच्या गल्लीत कुणी पाहिलेली नाही.

नसीमाचा दुसरा नियम असा,
चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये.
गाता आलं तर ती वेग वाढवते,
बोलणं तुटलं तर कमी करते.
म्हणून मी बोलते.
केळीच्या बागेतल्या सापाचं, थोरल्या जावेचं,
मुलगी झाली तेव्हा कुणी आलं नाही त्याचं.
शेजारच्या सायकलवर फालक सर
ऐकू येत नसल्यासारखं करतात
आणि साप पुढे कुठे गेला ते विचारतात.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार.
"किती?"
"तेरा."
निघून गेलं तोंडातून,
मीच मागे वळून बघितलं, कोण बोललं.
नसीमानं काही मोठं केलं नाही.
फाइल उघडली, तारीख टाकली,
निळ्या शाईनं लिहिलं, तेरा.
माझं दमणं कागदावर होतं.
उतरल्यावर मी चष्मा लावून ते परत पाहिलं.

घरी हे विचारतात, आज किती घेतले त्यांनी.
मी म्हणते, तेरा.
"तेराशे?"
मी भाजी निवडत राहते.

आखाजीला खापर हर्षालीनं मांडलं.
मी स्टुलावर, हातात नुसता उलथना.
तिचा पहिला मांडा फाटला, दुसरा जळला,
तिसरा कोपरापर्यंत नीट आला, लुगड्यासारखा.
चौदाव्याला तिचे खांदे वर चढले,
नाकावरचा घाम तिनं दंडाला पुसला.

"किती?" मी विचारलं.
तक्ता तिला पाठ आहे, पहिल्या आठवड्यातच सांगितला होता.
"काही नाही, आई. होतंय."
"आकडा सांग."
बाहेर झोका करकरत होता, पोरी ओरडत होत्या.
तिनं उंडा हातात घेतला, हसली.
"सहा."

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.